अंतरपाटावरचा शब्द

दिवाळी सरली की अकोल्याच्या रस्त्यांकडेच्या बाभळी पांढऱ्या होतात. कापसाच्या बैलबंड्या सरकी काढायच्या जिनाकडे जाताना काट्यांना घासत जातात आणि एकेक काटा आपला वाटा काढून घेतो. शेळ्या माना उंच करून तो कापूस ओरबाडतात आणि मग खोकत बसतात. जिनाचा भोंगा वाजला की हवेत तंतू उडायला लागतात, ते आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसतात, आणि माझी सून धोतर झटकत म्हणते, "मामाजी, धुतलेलं वाळाच्या आंदीच खराब होऊन राह्यलं. कसं गाव हाय हे!" मी हसतो. म्हातारपणी सुनेच्या बोलण्यावर हसावं, त्यात सगळ्यांचंच भलं असतं.

यंदा हंगामाबरोबर घरात आणखी एक पाहुणा आला आहे. माझा मुलगा इथे वकिली करतो. त्याने मुंबईहून नवा इंग्रजी शब्दकोश मागवला. चांगला दोन हातांनी उचलावा असा आहे, कागद गुळगुळीत, पानांच्या कडा अजून कापायच्या आहेत. मुलगा म्हणाला, "बाबा, घ्या. थो तुमचा जुना आता वाळवीले देऊन टाका." तेव्हापासून तो कोश ओसरीतल्या चौरंगावर पडून आहे आणि मी त्याला वळसा घालून जातो. मला त्यात एकच शब्द पाहायचा आहे. पण हात पुढे होत नाही, कारण मला पुस्तकाची लाज वाटते. माणसाला माणसाची लाज वाटते, देवाची वाटते, सोयऱ्यांची तर फारच वाटते. पुस्तकाची वाटते म्हटलं तर लोक डोक्यावर तेल थापायला सांगतील. पण आहे ते असं आहे.

माझा जुना कोश आमच्या घरी आला तो खोगिराच्या पाठीवर. परतवाड्याच्या छावणीत कोणी म्हातारा साहेब वारला होता आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला होता. बाबा खोगीर घ्यायला गेले, आणि लिलाववाल्याने खोगिराबरोबर हा ठोकळाही त्यांच्या गळ्यात मारला. बाबा गावचे पाटील. अक्षरओळख मोडी सहीपुरती. त्यांनी पुस्तकाचं वजन पाहिलं, चामड्याची पाठ पाहिली आणि ठरवून टाकलं की ही साहेब लोकांची पोथी आहे. घरात असली तर बरी. दसऱ्याला नांगर, विळे, तलवार यांच्या शेजारी तिच्यावरही हळद-कुंकू वाहिलं जाई. पहिल्या पानावरचे ते कुंकवाचे डाग अजून आहेत.

माझ्या मामांचा परतवाड्यात चाऱ्याचा धंदा होता. त्यांच्याकडे राहून, छावणीतल्या एका कारकुनाच्या हातापाया पडून मी अक्षरं शिकलो. बाकीचं इंग्रजी मला त्या कोशानेच शिकवलं, आणि त्याने शिकवलं ते शंभर वर्षांपूर्वीचं. त्यातला 'एस' हा 'एफ'सारखा छापलेला होता, त्यामुळे कित्येक महिने मी रेशमाला 'फिल्क' म्हणत होतो आणि वर दुसऱ्यांनाही शिकवत होतो. आंधळ्याने लंगड्याला वाट दाखवावी, तसा कारभार. पण काय गोडी होती त्या पुस्तकाला! एकेका शब्दाखाली तो मूळचा कोणाचा, कोणत्या भाषेतून आला, आधी काय म्हणत होते आणि आता काय म्हणतात, हे सगळं. 'नाइस' म्हणजे पूर्वी मूर्ख. 'सिली' म्हणजे पूर्वी भाग्यवान. 'स्पिन्स्टर' म्हणजे नुसती सूत कातणारी बाई. मग कातता कातता ती घरातच राहिली आणि शब्दाचा अर्थ झाला बिनलग्नाची. काही शब्दांपुढे बारीक अक्षरांत लिहिलेलं असे, की हा आता कोणी वापरत नाही. असे शब्द वाचताना मला हसू यायचं. वापरत नाहीत तर ठेवला कशाला, असं वाटायचं. वय विशीचं होतं, आणि विशीत आपल्याला वाटतं की जे वापरात नाही ते कोणाचंच नाही.

मग तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली.

आज मुलांना सांगितलं तर पटत नाही, पण सात समुद्रांपलीकडची ती लढाई आमच्या काळ्या मातीत उगवली. अमेरिकेचा कापूस निघेना, म्हणून विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडचा कापूस हवा झाला. कालपर्यंत ज्याला कोणी विचारत नव्हतं त्या मालासाठी शहरातले आडते खेड्यात येऊन पाटलाच्या ओट्यावर बसू लागले. लोक सांगतात की शेतकऱ्यांनी बंडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्या. मी तरी अशी बंडी एकच पाहिली, आणि तिचा मालक चाकांकडे पाहत चालताना नालीत पडला. चावडीवर दुसरा विषय नव्हता. "सायेबाच्या मुलकात भावाभावाची जुंपली म्हने." "जुंपू दे बाप्पा, आनखी दोन सालं जुंपू दे!" आमच्या गावाने तर मारुतीला नारळ फोडला. लढाई मिटू नये म्हणून. मीही तिथे होतो, खोबरं खाल्लं, आणि तिकडे मरणारी माणसं कोण, हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नाही. खोबरं गोड होतं, हे मात्र आठवतं.

त्या हंगामात मला अमरावतीला एका आडत्याकडे काम लागलं. गाठींवरची आणि कागदांवरची इंग्रजी अक्षरं वाचून सांगायची, एखादा गोरा खरेदीदार आला तर पुढे व्हायचं. लोक मला इंग्रजी नाराण म्हणू लागले. मी पायांत जोडा घालू लागलो. बाजारात कापसाच्या बोज्यांचे ढीग घरांपेक्षा उंच झाले होते, आणि दुपारी ऊन त्यावर पडलं की डोळे उघडवत नसत. संध्याकाळी घरी आलो की माय केसांतले तंतू वेचायची आणि म्हणायची, "देवापुढं वात लावाले घरात कापूस नाई, अन् तुह्या डोक्शावर एवढा." तेव्हा ते बोलणं गमतीचं वाटलं होतं. पण ते खरंच होतं. बाबांनी घरखर्चाचा, वातींचा, उशी-गादीचा म्हणून राखून ठेवायचा तो कापूसही विकायला वजनकाट्यावर चढवला होता. मायने त्या हिवाळ्यात जुन्या धोतराच्या चिंध्या वळून दिवे लावले. कापसाच्या मुलखात, कापसाच्या हंगामात, पाटलाच्या देवघरात चिंधीची वात जळत होती.

इथे उकंडाजीबद्दल सांगायला हवं. उकंडाजी आमच्या गावचा कोष्टी. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने त्याला उकिरड्यावर ठेवून उचलून घेतलेला, म्हणून नाव उकंडा. पण नावातली नम्रता त्याच्यात औषधालाही नव्हती. असा मानी आणि तोंडाळ माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात वधूवरांमध्ये धरायचा अंतरपाट त्याच्या मागावरचा असे. हा त्याच्या घराण्याचा मान. लग्नाच्या दिवशी अंतरपाट डोक्यावर घेऊन, वाजंत्री लावून तो आमच्या दारी यायचा, आणि पाटलाने पुढे होऊन घेतल्याशिवाय डोक्यावरून उतरवायचा नाही. मंगलाष्टकं चालू असताना नवरानवरीकडे तो पाहतच नसे; आपल्या कापडाच्या काठाकडे पाहत उभा राही. नंतर पंगतीत बसला की प्रत्येक पदार्थाला नाव ठेवायचा. "वरनाले मीठ नाई. पाटलाच्या घरी मिठाचा दुकाळ पडला काय?" असं त्याने म्हटलं नाही तर लग्न नीट लागलं असं आमच्या मायला वाटायचंच नाही. आणि त्या अंतरपाटातूनच पुढे मुलीच्या पहिल्या बाळाचं दुपटं कापायचं, अशी आमच्याकडची रीत होती.

या मानाची दुसरी बाजू म्हणजे टोपलं. हंगामात पहिली वेचणी झाली की काट्यावर काही चढण्याआधी एक टोपलं कापूस कोष्ट्याच्या दारात जाऊन पडायचा. त्याची बायको सरकी काढायची, पिंजायची, कातायची. कोणाच्या घरी लग्न असो वा नसो, टोपलं चुकलं नव्हतं. त्या वर्षी चुकलं. माझ्या धाकट्या बहिणीचं, पारूचं लग्न माघात ठरलं होतं, आणि त्याच वर्षी चुकलं.

उकंडाजी आमच्या खळ्यात आला तो प्रसंग मला चांगला आठवतो. बाबा काट्याजवळ उभे होते.

"पाटील, टोपलं नाई आलं यंदा."

"दुसऱ्या वेच्याचं देतो ना, उकंडाजी. जाते कुठं?"

दुसरा वेचा गेला. मग शेवटच्या वेच्याची हलकी फरदडसुद्धा, जी एरवी कोणी फुकट नेत नाही, तीही आडत्याच्या बंडीत गेली. उकंडाजी पुन्हा आला.

"पोरीचं लगन तोंडावर आलं. माह्या बाईले सूत काताले दिवस लागतेत. मंग अंतरपाट काय हवेचा इनू?"

बाबा हसून म्हणाले, "अरे, कापसाच्या मुलकात कापसाले काय तोटा हाय? भेटून जाते."

बाबा वाईट नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटत होतं. विहिरीकाठी राहणाऱ्याने पाणी साठवून ठेवावं, असं कोणाला सुचतं? आमच्या गावातल्या प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याच्या घरी मूठभर असेलच. लागला तेव्हा शोध घेतला, तर कोणाच्याच घरी नव्हता. सरकीचे मात्र ढीगच्या ढीग होते.

एक दिवस उकंडाजी चालत अमरावतीला आला. मी आडतीत दोन कारकुनांबरोबर बसलो होतो. हा दारात उभा, पाय धुळीने भरलेले, खांद्यावर रिकामं फडकं. "नाराण," तो मोठ्याने म्हणाला, "एवढा डोंगर हाय इथं. एक पासोडीभर कापूस देवाले सांग ना तुह्या शेठले. इकत घेतो." मी शेठजींना विचारलं. ते म्हणाले की इथे बोजे विकतात, मुठी नाही. आणि हा सगळा माल तर साहेबाच्या नावावर चढलेला. कारकून हसले. उकंडाजी त्या ढिगाकडे एकदा पाहून, फडकं झटकून निघून गेला. मला तेव्हा त्याची लाज वाटली, त्याच्या पायांची, मोठ्या आवाजाची, तो मला नाराण म्हणाला त्याची. आता मला त्या लाजेची लाज वाटते. पण ती वाटायला फार उशीर लागला.

यात लपवण्यासारखं गुपित काही नाही. पुढचं सगळं भर मांडवात, चारशे माणसांच्या देखत झालं.

पारूची सासरची माणसं अमरावतीची. कापसाच्या आडतीत नव्याने वर आलेली. येताना त्यांनी विलायती कापडाचं एक ठाण आणलं होतं. पांढरं शुभ्र, कडक, हात लावला तर चुरचुर वाजणारं. त्यावर निळ्या शाईचा मार्का होता: एक हत्ती आणि खाली इंग्रजी अक्षरं. त्या काळी असा मार्का धुवून टाकत नसत. लोक पागोटं बांधतानासुद्धा मार्का कपाळावर येईल असं बांधायचे, म्हणजे चारचौघांना कळावं की माल विलायती आहे. उकंडाजीकडून काही येणार नाही हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं, म्हणून अंतरपाट याच ठाणाचा करायचं ठरलं. भटजींनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं ते हत्तीच्या पाठीवर.

आणि तेवढ्यात वाजंत्री ऐकू आली. गोरज मुहूर्ताला अगदी थोडा वेळ राहिला होता. उकंडाजी डोक्यावर घडी घेऊन मांडवात शिरला. मागे त्याची बायको. "पाटील, आनला! सांगतलं होतं ना, तुमच्या घरचं लगन माह्या अंतरपाटाबिगर लागनार नाई!"

बाबांचा चेहरा क्षणभर खुलला. ते पुढे झाले, घडी घेतली, उलगडली. कापड पिवळसर होतं, जागोजागी गाठी होत्या. बाबांनी ते दोन बोटांत धरलं. शेतकऱ्याची बोटं ती, त्यांना कापूस कळतो.

"कापूस कुठचा, उकंडाजी?"

"तुमच्याच वावरातला."

"यंदाचा?"

"यंदाचा कुठून असन, पाटील? आंदीचा. तुमीच देल्लेला, पयल्या वेच्याचा. उरलेला गादीत भरला होता. चार सालं आमच्याखाली निजला, एवढंच. माह्या बाईनं पिंजला, उन्हात घातला, गोमूत्र शिंपडलं. सूत नवं हाय. माग माहा, हात माहा."

मांडवात कुजबुज झाली. अंथरुणातला कापूस, आणि तो वधूवरांच्या मध्ये! भटजी घसा खाकरून म्हणाले, "शास्त्र कोऱ्या वस्त्राचं आहे, पाटील. वस्त्र तर कोरं आहे. पण कापूस... तुमची जशी इच्छा." म्हणजे त्यांनी चेंडू बाबांकडे टाकला. बाबांनी वरपक्षाकडे पाहिलं. नवरदेवाचे काका मिशीत हसत होते. "आमी विलायती ठान आनलं हाय ना. मंग एवढी चर्चा काहाले?"

बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. त्यांनी उकंडाजीच्या कापडाची नीट घडी घातली आणि मायच्या हातात दिली. "आत ठेव," म्हणाले. बस्स. माघातली थंडी होती. गादी उसवून बसलेले ते कोष्टी नवराबायको त्या महिन्यात कशावर निजले, हे कोणी विचारलं नाही.

भटजींनी मार्क्याचा अंतरपाट उलगडला. वातावरण अवघडलं होतं, ते हलकं करायला नवरदेवाच्या काकांनी मला हाक मारली. "तुमी इंग्रजी वाचता म्हने. वाचा बरं, काय लिवलं हाय थे हत्तीखाली."

मी वाचलं. कॅलिको. इथे थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण एवढी माणसं ऐकत होती, आणि तो शब्द मला कोशातून माहीत होता. मी पुस्तकी मराठीत, हातवारे करत सांगू लागलो की हा शब्द मूळचा आपलाच आहे. दक्षिणेत समुद्राकाठी कालिकत नावाचं गाव आहे, फार पूर्वी तिथून हे सुती कापड गोऱ्यांच्या देशात गेलं, आणि त्यांनी गावाचंच नाव कापडाला दिलं, असं कोशात छापलेलं आहे. लोकांनी माना डोलावल्या. काका म्हणाले, "म्हंजे लेक माहेरी आली म्हना की!" मोठा हशा पिकला. मीही हसलो. पाटलाच्या पोराने घराची लाज राखली, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

उकंडाजी मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मंग थ्या गावच्या कोष्ट्याचं काय झालं?"

मला प्रश्न कळला नाही. "कोणाचं?"

"ज्यानं थे कापड पयले इनलं, त्याचं. गोऱ्यांनी कापड नेलं, नाव नेलं, अन् आता स्वताच इनून हत्ती लावून इकून राह्यले. मंग थो कोष्टी काय करते आता? लिवलं हाय काय तुह्या पोथीत?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी आठवून पाहिलं. त्या शब्दाखाली दोन ओळी होत्या, त्या मला पाठ होत्या.

"नाही," मी म्हणालो. "तेवढं नाही लिहिलेलं."

"अस्सं," उकंडाजी म्हणाला. मग भटजींकडे वळला. "चालू द्या महाराज. मुहूर्त चालला."

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला. पंगत बसली तेव्हा उकंडाजी आणि त्याची बायको आपापल्या पंगतीत जेवायला बसली. बाबा स्वतः तुपाचं भांडं घेऊन त्याच्यापर्यंत गेले. उकंडाजीने पत्रावळीवर आडवा हात धरला. बाबा पुन्हा गेले, त्याने पुन्हा हात धरला. वरणात त्या दिवशी मीठ खरोखरच कमी होतं. त्याने ते मुकाट्याने खाल्लं, उठला, हात धुतले आणि गेला. एका शब्दाने नाव ठेवलं नाही. माय आत धान्याच्या कणगीआड तोंड करून रडली.

दोन दिवसांनी मी जुना कोश उघडला, काहीतरी दुसरंच शोधायला, आणि माझी नजर 'बॉम्बास्ट' या शब्दावर पडली. मूळ अर्थ: कपडे फुगलेले दिसावेत म्हणून आत भरायचा कापूस. त्यावरून पुढचा अर्थ: फुगवलेलं, पोकळ बोलणं. मी पुस्तक मिटलं. मांडवात उकंडाजीने आणि मी, दोघांनीही आतला भरायचा कापूस बाहेर काढला होता. त्याने त्याचं कापड केलं, मी नुसता उडवला. तेव्हापासून चारचौघांत शब्दांच्या गोष्टी सांगायची माझी सवय तुटली.

पुढच्या हंगामात पहिली वेचणी झाली आणि बाबांनी काटा बाहेर काढायच्या आधी टोपलं भरलं. गड्याने हात पुढे केला तर त्याला मागे सारून ते स्वतः डोक्यावर घेतलं. गावचा पाटील डोक्यावर टोपलं घेऊन भर सकाळी कोष्टीआळीकडे निघाला, तर लोक दारांत येऊन उभे राहिले. मी मागे होतो. उकंडाजीच्या घराला कडी होती. शेजारणीने सांगितलं की माग मोडून लाकडं विकली आणि दोघं बडनेऱ्याकडे गेली, तिकडे आगगाडीच्या रस्त्याची माती खोदायला माणसं लागतात. "काय करतेत पाटील? सूतच भेटून नाई राह्यलं तं."

बाबा तसेच उभे राहिले. टोपलं खाली ठेवावं तर घ्यायला कोणी नव्हतं, आणि परत न्यावं तर सगळं गाव पाहत होतं. शेवटी ते तसंच डोक्यावर घेऊन परत आले. ते टोपलं कोणी काट्यावर चढवलं नाही. ते गोठ्यात पडून राहिलं, त्यात चिमण्यांनी घरटी केली, आणि पुढच्या पावसाळ्यात कुजलं. दरम्यान अमेरिकेतली लढाई मिटली, भाव कोसळले, चांदीच्या धावांचं काय झालं कोण जाणे. मारुतीला त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. बाबांनी उकंडाजीचं नाव नंतर तोंडातून काढलं नाही, पण आमच्या घरच्या कोणत्याही लग्नात ते अंतरपाटाकडे पाहू शकत नसत. मंगलाष्टकं सुरू झाली की पाहुण्यांची व्यवस्था बघायला म्हणून मांडवाबाहेर जात.

आगगाडी आली. अकोल्याहून अमरावतीकडे जाताना रुळांखालची ती उंच माती दिसते. तिच्यावरून आमचा कापूस मुंबईला जातो आणि तिच्यावरूनच हत्तीची ठाणं येतात. मी खिडकीशी बसत नाही.

पारू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हाची गोष्ट. मी पाळण्याजवळ गेलो. बाळाखाली पिवळसर, गाठींचं जाडंभरडं दुपटं होतं. मी ओळखलं. लग्नात मायने आत ठेवलेलं ते कापड पाठवणीच्या वेळी तिच्या गाठोड्यात घातलं होतं.

"अन् मार्क्याचं?" मी विचारलं.

"थे?" पारू हसली. "दोनदा धुतलं अन् खळ निघून गेली. मच्छरदानीवानी इरळ झालं, दादा. हत्ती तेवढा राह्यला." मग दुपट्यावरून हात फिरवत म्हणाली, "हे मऊ होत चाललं धुता धुता. उकंडाकाका कुठं असतेत आता?"

मला माहीत नव्हतं. बडनेरा काही सात समुद्रांपलीकडे नव्हतं. अमेरिकेच्या लढाईची रोजची खबर ठेवणाऱ्या आम्हाला त्या माणसाची एकही खबर नव्हती. मी तिला खरं तेच सांगितलं, माहीत नाही म्हणून.

आज दुपारी शेवटी मी नवा कोश उघडला. सूनबाईकडून भाजीचा चाकू मागून घेतला, पानांच्या कडा कापत 'सी' अक्षरापाशी आलो. बोट सरकवत शब्द काढला. दोन ओळींच्या जागी आता अर्धा रकाना झाला आहे. विद्वानांनी मेहनत घेतली आहे, नाही म्हणता येणार नाही. कालिकत आहे. तो शब्द पहिल्यांदा कोणी, केव्हा लिहिला ते आहे. किती तऱ्हांनी लिहीत होते ते आहे. साधं कोणतं, छापील कोणतं, आता तिकडच्या गिरण्यांत होणाऱ्या कोणत्या कापडाला म्हणतात, सगळं आहे. मी चष्मा पुसून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचलं. पान उलटलं. पलीकडे दुसरा शब्द सुरू झाला होता.

बाहेर बंड्यांची रांग चालली होती आणि बाभळीचे काटे आपला वाटा काढत होते. मी पुन्हा मागचं पान काढलं, पुन्हा तो अर्धा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला, न जाणो नजर चुकली असेल. मग माझ्या तोंडून मोठ्याने शब्द निघाले, पुस्तकी नव्हे, घरचे.

"नाई गा उकंडाजी. अजूनबी नाई लिवलं."

सून कपडे घेऊन दारात उभी होती. "कोनाशी बोलून राह्यले, मामाजी?" तिने विचारलं, आणि मला मान वर करून तिच्याकडे बघता आलं नाही.